उशिरा बोलणारी पत्ती

हॅलो?

हॅलो… कोण? जरा मोठ्यानं बोल, खरखर येतेय.

हां, हर्षला! बोल गं पोरी. … नाही नाही, कामात कसला. वाल भिजवले होते, ते सोलत बसलोय. … हो, एकटाच. एका माणसाला कितीसं बिरडं लागतं! पण हाताला सवय नाही ना. मूठभर भिजवायला जातो आणि पातेलं भरतं. चंद्रभागा असताना दोघं समोरासमोर बसून सोलायचो. आता निम्मे सोलून झाले की कंटाळा येतो.

तू कुठून बोलतेस? … वरच्या वाडीतून? मग त्या सपाट दगडावर बसली असशील, आंब्याखाली. … हां, तिथंच रेंज येते. चंद्रभागा पण तिथूनच फोन करायची. "भात लावा, मी निघाले." तिथून हलू नकोस हां. उठलीस की फोन गेला समज.

बोल. काय झालं?

बाजा? चंद्रभागेच्या त्या माउथ ऑर्गनला काय झालं? पडला का हातातून?

बरं, पडला नाही. मग?

… थांब, थांब. एकदम सगळं सांगू नकोस. आधी मला सांग, पोरं कुठायत?

पळाली? सगळी? … टाकीमागं लपलीत. आणि आया? … त्या पण दार लावून आत. हां, थोरली पळाली की धाकट्यांना पण कोणी बाहेर काढत नाही. मागच्या खेपेला पण हेच झालं ना तुझं. म्हणून तर तू बाजा मागायला घरी आलीस. … हो, तुमची आशाताई जना खरंच बोलली तुला. चंद्रभागा नर्स होती तोवर त्या वाडीत पोरांना कधी पकडून आणावं लागलं नाही. बाजा वाजवला की आपण होऊन यायची. … मी बघितलेलं नाही गं. ती सांगायची, मी ऐकायचो.

काय म्हणालीस? … खालच्या वाडीत गोवर निघालाय? कधी? … अगं मग आज लस द्यायलाच हवी. डबा उघडलास का? … उघडू नकोस. बर्फ आहे अजून? … मग सावलीत ठेव. जनाला सांग त्याच्यापाशी बसायला. आपण बाजाचं बघू.

सांग आता. सगळाच बंद पडलाय की एखादा सूर?

एकच. … फोनजवळ धर आणि वाजव. एका टोकापासून सुरू कर, प्रत्येक भोकात आधी फुंक, मग श्वास आत ओढ. … हां, वाजव.

…

बरोबर. … हा पण बरोबर. … पुढे. … फुंक. आता ओढ. … ओढ ना. … ओढलास? काहीच नाही आलं की.

चौथं भोक. ओढायचा सूर.

तोच! अगं, तोच तो. त्याचं जुनं दुखणं आहे. … नाही, बंद नव्हता. मी तुझ्या हातात दिला तेव्हा वाजत होता, फक्त उशिरा वाजायचा. श्वास ओढला की जरा वेळानं बोलायचा. सकाळी उठवल्यावर पोरगं कसं उशिरा हूं म्हणतं, तसा. … पण बोलायचा नक्की. आता अजिबातच गप्प बसलाय म्हणजे नवीन काहीतरी झालंय.

तू काय केलंस त्याला? … काहीतरी केलं असशील. आठव. धुतलास का पाण्यानं?

पुसलास. कशानं? … स्पिरिटनं. आणि कापूस?

अगं नर्सबाई, नर्सबाई! … नाही गं, रागावत नाही. तोंडात जाणारी वस्तू, दुसऱ्याची, पुसायलाच हवी. तुझ्या जागी चंद्रभागा असती तर तिनंही हेच केलं असतं. फक्त कापूस नको होता. कापसाचा तंतू आत गेला की पत्तीत अडकतो. केसाएवढा असला तरी पत्ती हलत नाही.

पत्ती म्हणजे… ऐक. आत पितळेच्या पट्ट्या असतात, जिभेसारख्या. एका टोकाला रिव्हेटनं पक्क्या, दुसरं टोक मोकळं. हवेनं ते टोक थरथरतं, तोच सूर. … हां. आता ती जीभ बांधली गेलीय. सोडवायची. एवढंच काम आहे.

घाबरतेस काय? एवढ्याशा बाळाला सुई टोचतेस आणि बाजा उघडायला घाबरतेस! … नाही, इकडे आणू नकोस. येईस्तोवर दुपार होईल, बर्फ पाणी होईल. तिथंच उघडू. मी सांगतो तसं कर. फोन स्पीकरवर टाक आणि मांडीवर ठेव.

डिसमिस आहे का कोणाकडे, बारीक? … नसणारच. नखं कापायचं कटर? … पर्समध्ये आहे? झालं तर. त्यातलं ते चपटं पातं काढ, घासायचं. … हां. बाजा उलटा कर. आकडे खाली. दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील.

दिसले? … हळू. डावीकडे फिरव. … फिरत नाही? पातं तिरकं धरलंयस, सरळ धर. … हां, फिरला ना? मीच बसवलेत ते, आवळून. माझा हात जड आहे. रसायनीला कारखान्यात फिटर होतो, पंपाचे नट आवळायची सवय. ती ओरडायची, "अहो, बाजा आहे तो, बॉयलर नाही."

स्क्रू कुठे ठेवतेस? … मातीत नको! डब्याच्या झाकणावर ठेव. आमची निम्मी जिंदगी पडलेले स्क्रू शोधण्यात गेली.

निघालं झाकण? … दिसतात पट्ट्या? … ओळीनं, लांबीला कमी कमी होत गेलेल्या. आकडे तुझ्या उलट्या बाजूला आहेत, तेव्हा नीट मोज. लांब पट्टीकडून. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. … हां. ती आभाळाकडे धर आणि कडेनं उजेड येतो का बघ. दोन्ही बाजूंना सारखी फट हवी, केसासारखी.

… एका बाजूला काळं दिसतंय. टोकापाशी. … पांढरं? मग कापूसच तो. सापडला चोर.

नाही, सुई नको! सुई अजिबात नको. पितळेला ओरखडा पडला की सूर बदलतो. … गोळ्यांचं पाकीट असेल ना, रिकामं? त्याच्या पाठची चंदेरी पन्नी सोलून काढ. … हां, बारीक पट्टी कर तिची. आता रिव्हेटच्या बाजूनं पत्तीखाली सरकव आणि मोकळ्या टोकाकडे ओढत ने. उलटं करायचं नाही. उलटं केलंस की पत्ती वर वाकते.

सावकाश… श्वास रोखून धर हवं तर.

… काय झालं? बोल ना.

निघाला! … केवढा? … बघ, एवढासा तंतू आणि केवढा खोळंबा.

आता पत्तीला काडीनं टिचकी मार. अगरबत्तीची काडी, गवताची काडी, काहीही. अलगद. … मला ऐकू येत नाही, तुला येतो का आवाज? … टिंग करतेय? मग सुटली.

वाजवून बघ. झाकण नको लावूस अजून. कडेला ओठ लागू देऊ नकोस, कापतं. … हां, ओढ.

…

…आला.

ऐकलंस? तस्साच. जरा थांबून आला. हाच तो. अगं, घरात रोज हेच ऐकायचो मी. संध्याकाळी. … काही नाही. बरं वाटलं, एवढंच.

तू गेल्या आठवड्यात बाजा घेऊन गेलीस ना, तेव्हा मी तुला दाराशी ताटकळत ठेवलं होतं. तुला वाटलं असेल, म्हातारा शोधतोय. शोधत नव्हतो. समोरच होता, तिच्या पिशवीत. द्यावासा वाटत नव्हता. … नाही गं, परत नको देऊस. तिथं वाजला तर बरं. इथं काय, पिशवीत पडून होता. मला वाजवता येत नाही. मला फक्त उघडता येतो.

थांब, हर्षला. झाकण लावू नकोस. उघडलाच आहे तर त्याचं जुनं दुखणं पण काढून टाकू. … अगं, वेळ नाही लागत. ती पत्ती उशिरा बोलते कारण तिचं टोक जरा जास्तच वर उचललेलं आहे. हळू श्वासाला पकडतच नाही. बाकीच्या पत्त्यांशी ताडून बघ. … आहे ना वर? मला माहीत होतं! कधी नीट बघू दिलं नाही, पण आवाजावरून माहीत होतं.

चंद्रभागा हात लावू द्यायची नाही गं त्या पत्तीला. बाकी सगळ्या मी करून दिल्या. एक घासायची, एक गंजली होती, सगळ्या. पण ही म्हटली की, "राहू दे. ती तशीच बरी." किती वेळा म्हटलं, अगं, दोन मिनिटांचं काम आहे. "राहू दे." मला वाटायचं, मी शिफ्ट करून दमून आलोय म्हणून म्हणते. नाहीतर हट्ट. हट्टी होतीच.

बरं. पन्नीची पट्टी आता बाजूला ठेव. काडीचं बोथट टोक घे, आणि पत्ती मधोमध अलगद खाली दाब. एकदाच. दाबून सोड. … झालं. आता बघ, बाकीच्यांच्या बरोबरीनं आली? … अजून किंचित. … हां, पुरे! पुरे. जास्त झालं तर मुकीच होईल.

ओढ आता.

…

अरे वा! काय बोलली! लगेच! ऐकलंस ना? श्वासाच्या बरोबर! … बघ, इतकी वर्षं मी हेच सांगत होतो तिला. आज असती तर दाखवलं असतं. … असो. लाव झाकण. स्क्रू बोटानं आवळ, माझ्यासारखे नको.

लागलं? … आता ते वाजव. तिचं ते पोरांना बोलवायचं. येतं ना तुला? जनाकडून शिकलीस ना. … कुठल्या गाण्याचं नाही ते, तिनंच जुळवलेलं आहे. मोठ्यानं वाजव. टाकीपर्यंत जाऊ दे.

…

…

छान वाजवलंस. कुठं अडखळली नाहीस. … आली पोरं?

नाही? … एकही नाही? … डोकावतायत तरी का? … हं.

परत वाजव.

…

आली?

मग काय झालं यांना? सूर तर सगळे चोख आहेत. आता एकही मागं नाही. … कोण हसतंय तिथं? … गोदूबाई? कोण गोदूबाई, ती पहिल्या घरातली आजी? ओटीवर बसते ती? … काय म्हणतेय ती?

"ही बाईंची नाय." … काय बाईंची नाय? बाजा तोच आहे म्हणावं. मीच दिलाय. … हाक? हाक बाईंची नाय? म्हणजे काय? … तू उठू नकोस दगडावरून! जनाला पाठव तिच्याकडे, तिला नीट विचारू दे. … हो, थांबतो. कुठं जायचंय मला.

…

बोल. … सावकाश सांग.

बाई थांबायची.

कुठं थांबायची? … त्या सुराच्या आधी. चौथ्या भोकाच्या. … हां. आणि मग? … तेवढ्यात पोरं ओरडायची. काय ओरडायची?

…

"आलो."

… म्हणजे ती श्वास ओढायची, सूर यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात पोरं "आलो" म्हणून ओरडायची. आणि मग सूर यायचा. … आणि मग पोरं धावत यायची. … जो आधी ओरडेल तो पुढं. … खेळच होता तो.

आणि आता मधे जागाच राहिली नाही ओरडायला.

… आहे, आहे. ऐकतोय. फोन चालू आहे.

… मला काय माहीत गं! मला कुठं माहीत होतं. मला वाटायचं, बाजा अडतोय.

घरी पण वाजवायची ती हे. संध्याकाळी, ओट्यापाशी, भात होईपर्यंत. त्या जागी आली की माझ्याकडे बघायची. बाजा तोंडाला तसाच, आणि नुसते डोळे इकडे. मी म्हणायचो, "अडकला बघ परत. दे इकडे, करून देतो." तोवर सूर यायचा. मग ती हसायची आणि बाजा पदराआड करायची.

… कशी सांगेल? तिनं सांगितलंच की तिच्या परीनं. "एकदा चला वर माझ्याबरोबर, ऐकायला." मी म्हणायचो, घरी ऐकतोच की रोज. … कधी शिफ्ट. शिफ्ट संपली तर कोणाच्या तरी विहिरीवरचा पंप. नंतर गुडघा. वाडी काय लांब आहे? खालापूरहून टेंपोनं पायथ्यापर्यंत, पुढं थोडी चढण. सगळी वाडी जिला "आलो" म्हणायची, तिच्या घरातला माणूस तेवढा एकदाही चढून आला नाही.

… नको गं, समजूत नको घालूस. बर्फ वितळतोय तिकडे. कामाचं बोल.

नाही! उघडू नकोस परत. पत्ती पुन्हा वर करायची नाही. पितळ आहे ते. खाली-वर, खाली-वर केलं की रिव्हेटपाशी तुटते. तुटली की हा सूर कायमचा गेला. … हो, दाबली मीच. मीच सांगितलं तुला, तुझा काय दोष. आता ती बरी झालीय, बरीच राहू दे.

थांबायचं तू.

हां. तिच्यासाठी पत्ती थांबायची. आता तू थांब. सुराच्या जागी आलीस की श्वास ओढूच नकोस. तोंड तसंच ठेव. टाकीकडे बघ. … किती म्हणजे? … किती ते मला आकड्यात नाही सांगता येणार. पण कानात आहे माझ्या. मी म्हणून दाखवू? … हसशील. माझा आवाज म्हणजे घासलेली बेअरिंग. … बरं. फोनचा आवाज मोठा कर. पुढं धर.

ता ता री… ता री ता… ता ता री…

…

…

रीऽ.

… एवढं. एवढं थांबायचं.

… काय झालं? कोण ओरडलं ते? … मी थांबलो तेव्हा? … टाकीमागून? माझ्या म्हणण्यावर? … काय ओरडलं?

… हो. मला पण तसंच वाटलं. बारीक आवाज होता, पण तसंच वाटलं.

वाजव, पोरी. आता वाजव. थांबायचं विसरू नकोस. मी बोलत नाही.

…

…

…

अगं बाई.

ऐकलं. … सगळी? … केवढ्यानं ओरडली गं. फोन कानापासून लांब धरायला लागला मला. … येतायत? … पळत? पडतील, म्हणावं सावकाश. … कोण आधी ओरडलं यावरून भांडतायत? भांडू दे. ते पण तिच्या वेळचंच असणार.

आणि दारं? … उघडली. गोदूबाई नातवाला घेऊन येतेय? बघ. मघा हसत होती ना तुला. … जनाला म्हणावं, रांग लाव, डबा तुझ्या हाताशी ठेव.

… हो गं, पुढच्या खेपेला येतो मी. नक्की. … गुडघ्याचं काय, काठी घेईन. तू फक्त आदल्या दिवशी फोन कर. बिरडं घेऊन येतो, तुला आणि जनाला. एवढं सोलून मी काय करू.

ठेवतेस? … अजून कोण राहिलंय? … दोन पोरी, गोठ्यात. मग त्यांच्यासाठी एकदा वाजव आणि लाग कामाला. … नाही, फोन नको बंद करूस. वाजवून झालं की मग ठेव. मी ऐकतो.

… हां.

…

ता ता री… हं… बरोबर…

…

…आलो गं.

…

हॅलो?

हॅलो, हर्षला? … हॅलो?

उठली वाटतं दगडावरून.

उठू दे. पोरं थांबलीत तिची.